चक्रीवादळ, पूर आणि डास

आपल्या शाळेच्या आवारात एकाच प्राण्याला चार नावे आहेत. मराठीच्या तासाला तो डास असतो, कन्नडच्या तासाला सोळ्ळे होतो, बाजारात मच्छर या नावाने त्याच्यासाठी अगरबत्ती विकली जाते, आणि कारवारकडील ज्या घरात माझा जन्म झाला तेथे कोकणीत त्याला जळार म्हणतात. नावे चार असली तरी चावा एकच. मी कलाशाखेची पदवीधर असल्यामुळे प्राणिशास्त्राशी माझा संबंध त्या चाव्यापुरताच होता. परंतु गेल्या पावसाळ्यात इयत्ता नववीतील एका विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, वादळ एवढी मोठी झाडे मोडते, घरांवरचे पत्रे उडवते, मग त्यात एवढासा डास कसा टिकतो? आमची आजी तर म्हणते की वादळ-पावसानंतर डास वाढतात." या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. पुढे विज्ञानाच्या सरांचे साहाय्य घेऊन व काही वाचन करून जे समजले ते या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे समुद्रापासून शेकडो मैल आत, पठारावर आहेत. आपल्याला चक्रीवादळाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, चीन-जपानच्या समुद्रात ज्याला टायफून म्हणतात, तेच आपल्या बंगालच्या उपसागरातले चक्रीवादळ होय. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरपर्यंत पोचला म्हणजे आपले हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते व त्याचे बारसे होते. त्याहून कमी असेल तर ते निनावीच राहते. पण निनावी म्हणून निरुपद्रवी असे मात्र नव्हे. १३ ऑक्टोबर २०२० रोजी असेच एक निनावी वादळ आंध्र किनाऱ्यावर काकिनाड्याजवळ जमिनीवर आले. समुद्र सोडल्यावर वादळाने दम तोडावा हा सामान्य नियम. हे वादळ मात्र तेलंगण ओलांडून, हैदराबाद शहर जलमय करून, उत्तर कर्नाटकावरून सोलापूर-पंढरपूरकडे गेले आणि थेट अरबी समुद्रात जाऊन पुन्हा जोर धरते झाले. वारा वाटेतच ओसरला होता. पाणी मात्र ओसरले नाही. भीमेच्या वरच्या अंगाला पाऊस, उजनी धरणातून सोडलेले पाणी आणि आपल्याकडचा स्थानिक पाऊस यांची गाठ पडून अफजलपूर, जेवर्गी या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. भीमा-अमरजा संगमामुळे ज्या गाणगापूरची ख्याती महाराष्ट्रभर आहे, त्या परिसरालाही पुराने वेढले. लोकांना घरदार सोडून छावण्यांत राहावे लागले. म्हणजे आपल्याकडे चक्रीवादळ येते ते वाऱ्याच्या रूपाने नव्हे, तर पाण्याच्या रूपाने. आणि डासाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते पाण्यालाच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वादळात डास मरतात काय? मरतात, आणि पुष्कळ मरतात. मे २०२१ मध्ये तौक्ते नावाचे चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यालगतून उत्तरेकडे गेले. त्यानंतर आईने दूरध्वनीवरून सांगितले की चार-पाच रात्री मच्छरदाणी न बांधताच सर्वजण झोपले, एकही जळार दिसला नाही. तिला त्याचे नवल वाटत होते. खरे म्हणजे त्यात नवल नाही. जोराच्या वाऱ्यात डासाला उडता येत नाही. तो भिंतीच्या फटीत, पानाखाली आश्रय घेतो, आणि तो आश्रयच मोडला म्हणजे त्याचा नाश होतो. त्याहून मोठा संहार अळ्यांचा होतो. गटारे, ओढे, डबकी यांतून वाढत असलेल्या लक्षावधी अळ्या पुराच्या लोंढ्याबरोबर वाहून जातात. म्हणून वादळानंतरचा पहिला आठवडा हा डासांच्या दृष्टीने दुष्काळाचा असतो. पण त्याच आईचा पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दूरध्वनी आला तेव्हा तक्रारीचा सूर निराळा होता. पडलेल्या शहाळ्यांत, करवंट्यांत, पोफळीच्या गळालेल्या झावळ्यांच्या खोलगट बुंध्यांत, आणि उडालेल्या कौलांच्या जागी जे प्लास्टिकचे कापड अंथरले होते त्याच्या घड्यांत पावसाचे पाणी साचून तेथे डासांची वसाहत झाली होती.

हा जो पंधरा-वीस दिवसांचा अवधी, त्यातच सगळे मर्म आहे. डासाच्या आयुष्याच्या चार अवस्था आहेत : अंडे, अळी, कोष आणि पंख फुटलेला डास. पहिल्या तीन पाण्यात जातात. आपल्याकडील उबदार हवेत अंड्यापासून पंखापर्यंतचा प्रवास साधारणतः आठ-दहा दिवसांत पुरा होतो. पूर वाहता असेपर्यंत हा प्रवास शक्य नाही, कारण अळीला स्थिर पाणी हवे असते. पूर ओसरू लागला की नदी आपल्या पात्रात आणि काठाच्या शेतांत असंख्य डबकी मागे ठेवून जाते. या डबक्यांत आरंभी मासा नसतो, बेडूक नसतो, चतुराची पाण्यात राहणारी पिल्ले नसतात, म्हणजे अळ्यांना खाणारे कोणीही नसते. ते सर्वजण पुराने वाहून नेलेले असतात, आणि परत यायला त्यांना वेळ लागतो. डासाची मादी मात्र उडत येते व एका खेपेस शंभर-दीडशे अंडी घालून जाते. शत्रू येण्यापूर्वी एक पिढी सुखाने पार पडते. वादळ डासांना मारते हे खरे, परंतु त्यांच्या शत्रूंनाही ते मारते, आणि शत्रूंपेक्षा डास लवकर सावरतात.

सर्व डास मात्र सारखे नाहीत. आपल्याकडे तीन घराणी मुख्य आहेत. ॲनोफिलीस हा हिवतापाचा डास. त्याची अंडी पाण्यावर एकेक सुटी तरंगतात. ती सुकली तर मरतात. त्याच्यातील क्युलिसिफेसीस नावाची जात भारताच्या खेड्यापाड्यांतील हिवतापाला प्रामुख्याने कारणीभूत आहे आणि तिला कालव्याकाठचे व नदीच्या पात्रातील स्वच्छ पाण्याचे डबकेच विशेष आवडते. पूर उतरल्यानंतरची भीमा किंवा मांजरा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे तिला काय हवे ते कळेल. दुसरा क्युलेक्स. तो घाण पाण्यात, गटारात राहतो, अंड्यांचा तराफा करून सोडतो, आणि रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुधा हाच. त्याच्यामुळे हत्तीपायाचा रोग पसरतो, आणि कर्नाटकातील ज्या जिल्ह्यांत हा रोग मूळ धरून राहिला त्यांत किनारपट्टीबरोबर बिदर आणि कलबुर्गी यांचीही गणना होते हे येथे नमूद केले पाहिजे. मुसळधार पावसाने गटारे धुऊन निघतात तेव्हा याची संख्या घटते. पाऊस थांबून गटारे तुंबली की तो पूर्ववत होतो.

तिसरा एडिस, डेंग्यू व चिकुनगुनियाचा वाहक. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, म्हणजे शाळेच्या वेळात. नववीच्या मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर याच्यापाशी आहे. तो आपली अंडी पाण्यात घालीतच नाही. भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भागावर तो ती चिकटवून ठेवतो. पाणी आटले, भांडे कोरडे पडले, तरी अंडी मरत नाहीत. आतली अळी पूर्ण वाढून, जणू श्वास रोखून, पाण्याची वाट पाहत राहते. असे कित्येक महिने जाऊ शकतात. मग एके दिवशी पाऊस येतो, भांडे काठोकाठ भरते, अंडी पाण्याखाली जातात आणि निरनिराळ्या आठवड्यांत घातलेली अंडी एकाच दिवशी फुटतात. वादळी पावसाने एकाच रात्री गावातील हजारो टायर, मडकी, डबे, कुंड्या भरून काढल्या म्हणजे काय होईल याची कल्पना करावी.

वाचलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी ती पाहावी असे विज्ञानाच्या सरांचे मत पडले. जुलै महिन्यात मुलांनी एका जुन्या डब्याला आतून-बाहेरून काळा रंग दिला, त्यात चार बोटे पाणी घातले, आतल्या कडेला खरखरीत कागदाच्या दोन पट्ट्या लावल्या आणि तो डबा सायकलींच्या छपरामागे सावलीत ठेवला. पाचव्या दिवशी पट्ट्यांवर पाण्याच्या रेषेच्या वर बारीक काळे ठिपके दिसू लागले. खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, जणू कोणी पेन झटकले असावे असे. डब्यातले पाणी सरांनी तापलेल्या फरशीवर ओतून टाकले व पट्ट्या वाळवून, पाकिटात घालून कपाटात ठेवल्या. दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यांतील एक पट्टी काचेच्या बरणीत पाण्याखाली बुडवून वर जाळीचे कापड बांधले. दुपारच्या सुट्टीपर्यंत काही दिसले नाही व मुलांचा विरस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बरणीत धाग्याच्या तुकड्यांसारखे काहीतरी वळवळत होते. तीन महिने कोरड्या कपाटात राहिलेला कागद जिवंत झाला होता! मोजण्याचा प्रयत्न पुष्कळांनी केला, पण दोघांचा आकडा एक निघेना. त्या अळ्या सरांनी त्याच दिवशी गाळून नष्ट केल्या हे पालकांच्या माहितीसाठी लिहिते.

अमेरिकेत तर असे काही डास आहेत की ज्यांचे जीवन सर्वस्वी पुरावर अवलंबून असते. त्यांची अंडी ओसाड जमिनीत वर्षानुवर्षे कोरडी पडून राहतात. सप्टेंबर २०१८ मध्ये फ्लॉरेन्स हे वादळ नॉर्थ कॅरोलायना राज्यात शिरले, शेते पाण्याखाली गेली आणि पंधरवड्यात नेहमीच्या डासाच्या जवळजवळ तिप्पट आकाराच्या डासांचे थवे उठले. तेथील राज्यपालांना २७ परगण्यांतील डासनिर्मूलनासाठी ४० लाख डॉलर मंजूर करावे लागले. गंमत अशी की हे महाकाय डास माणसाला छळतात खूप, पण रोग क्वचितच देतात. येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो : डास वाढणे वेगळे आणि रोग वाढणे वेगळे. १९९२ मध्ये अँड्र्यू नावाच्या वादळाने फ्लॉरिडाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, डास वाढले, पण त्यांच्यापासून होणाऱ्या रोगाची साथ काही आली नाही. कारण साथीला तिघांची गाठ पडावी लागते : डास, रोगाचे जंतू अंगी असलेला मनुष्य, आणि उघड्यावर झोपलेला निरोगी मनुष्य.

या तिघांची गाठ कशी पडते याचे उदाहरण हैती देशाचे आहे. तेथे घराघरांच्या भिंतींवर डी. डी. टी. फवारून हिवताप काबूत आणण्याचे काम चालू होते. ऑक्टोबर १९६३ मध्ये फ्लोरा नावाचे चक्रीवादळ त्या देशावर आदळले. सुमारे पाच हजार माणसे मेली. घरे पडली, ज्या भिंती उभ्या राहिल्या त्यांच्यावरील औषध पावसाने धुऊन गेले, फवारणीचे काम थांबले, आणि बेघर झालेली जनता उघड्यावर निजू लागली. पुढील सहा महिन्यांत तेथे घातक हिवतापाचे सुमारे ७५,००० रुग्ण आढळले. डास तेथे आधीही होते. वादळाने माणूस आणि डास यांच्यामधील भिंत काढून घेतली. अलीकडे २०२२ साली पाकिस्तानात सिंधूचा महापूर आला, त्या एका वर्षात तेथील हिवतापाचे प्रमाण पाचपट झाले असे जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केले आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरावर ऑगस्ट २००५ मध्ये कट्रीना वादळ आले, त्याचा परिणाम एक वर्ष उशिरा दिसला : २००६ मध्ये वादळग्रस्त भागात वेस्ट नाईल या डासांपासून होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण दुपटीहून अधिक झाले. शहर सोडून गेलेल्या लोकांच्या ओस अंगणांतील पोहण्याचे हौद तोवर डासांच्या ताब्यात गेले होते.

येथवर वाचून कोणाचा असा समज होईल की पाणी अधिक झाले म्हणजे डास अधिक. आपल्या सीमाभागात मात्र याच्या नेमके उलटही घडते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावात १९७३ साली चिकुनगुनियाची मोठी साथ आली. हे वर्ष कोणते? महाराष्ट्रातील १९७२ च्या भीषण दुष्काळानंतरचे. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लामू येथे २००४ मध्ये हाच रोग पसरला तेव्हाही अवर्षण होते व तज्ज्ञांनी साथीचा संबंध त्या अवर्षणाशी लावला आहे. पाण्याची टंचाई झाली की मनुष्य पाणी साठवतो. रांजण, हौद, पिंप, टाकी, जे हाती लागेल ते भरून ठेवतो. आणि एडिस डासाला अशी घरगुती, सावलीतली, स्वच्छ पाण्याची भांडी नदीपेक्षाही प्रिय असतात. वादळ बाहेरची भांडी भरते, टंचाई घरातली.

२००५ च्या अखेरीस चिकुनगुनिया भारतात परत आला. २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांतील साडेसात लाख एकट्या कर्नाटकातले होते. त्या वर्षी आजचे आपले विद्यार्थी जन्मले नव्हते. पण त्यांच्या आज्यांना विचारावे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीच्या घरी मी एकदा गेले होते. तिच्या आजींच्या हाताची बोटे त्या वर्षी जी धरली ती अद्याप पुरती मोकळी झालेली नाहीत; थंडीच्या दिवसांत त्यांना भाकरी थापता येत नाही, ती नातीला थापावी लागते व म्हणून तिला शाळेला उशीर होतो. हजेरीपटावर मी तिच्या नावापुढे किती वेळा उशिराची खूण केली होती ते मला तेथे आठवले.

दाराशी दोन मोठे रांजण होते. मी आत डोकावले. पाण्यात अळ्या होत्या. मी आशाताईंसारखाच उपदेश केला, "आजी, आठवड्यातून एकदा हे पाणी ओतून टाकत जा." आजी म्हणाल्या, "वतून टाकू म्हनता बाई, अन् मग प्यायचं काय? नळाला पानी येतंय आठ दिसांनी. ते बी आलं तर." मला उत्तर सुचले नाही. व्याख्यान देणाऱ्याच्या घरी बहुधा नळ रोज येतो. पाणी ओतण्याचा सल्ला मुबलक पाण्याच्या प्रदेशात जन्मलेला आहे, आणि मीही तशाच प्रदेशातून आले आहे.

शेवटी आम्ही जे ठरवले ते असे. नळ येण्याच्या दिवशी रांजण तळाला गेलेला असतोच. उरलेले पाणी दुपदरी धोतराच्या कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळावे, कापड उन्हात टाकावे, आणि रिकाम्या रांजणाची आतली बाजू नारळाच्या काथ्याने घासून काढावी. हे घासणे महत्त्वाचे. नुसते विसळल्याने कडेची अंडी सुटत नाहीत व नवे पाणी भरताच ती फुटतात. मग पाणी भरून तोंडाला कापड घट्ट बांधावे. वर नुसते ताट झाकले तर फटीतून डास जातो. वापराच्या पाण्याच्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडता येतात. डेंग्यूचा डास आपल्या जन्मस्थानापासून शंभर-दोनशे पावलांपलीकडे फारसा जात नाही, तेव्हा आळीतल्या दहा घरांनी हे केले तर त्या आळीला त्याचे फळ दिसते; शेजारच्या गावाची वाट पाहावी लागत नाही.

वादळी पावसानंतरचे काम निराळे आहे आणि त्याला वेळेचे बंधन आहे. समजा पाऊस चौदा तारखेला थांबला. आठ-दहा दिवसांत पहिली पिढी उडते. ती रुग्णाला चावली तर जंतूला डासाच्या पोटात पक्व व्हायला आणखी आठ-दहा दिवस लागतात, आणि त्यानंतर चावलेल्या माणसाला ताप यायला पाच-सहा. म्हणजे तापाची लाट पावसानंतर जवळजवळ महिन्याने येते, जेव्हा पाऊस सर्वजण विसरलेले असतात. खरे काम पहिल्या सात दिवसांचे : छपरावरचे टायर, फुटके माठ, मंडपाखालचे कागदी पेले, प्लास्टिकच्या कापडाच्या घड्या. जमिनीचाही येथे भेद आहे. बिदर शहर आमच्या कोकणासारख्याच जांभ्या दगडावर वसले आहे. तेथे बरेच पाणी मुरते. भालकी-औरादकडील काळी जमीन मात्र भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी वर तसेच उभे राहते. त्या बाजूच्या मुलांनी शाळेच्या वाटेवरील डबकी मोजून ठेवावीत. मुजवता येतील ती मुजवावीत, उरलेल्यांना चर काढून द्यावा. डिसेंबरच्या थंडीत डासांची वाढ आणि त्यांच्या पोटातील जंतूंची वाढ दोन्ही मंदावतात, म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस आलेल्या वादळापेक्षा सप्टेंबरातले अधिक घातक ठरू शकते.

डास आणि हिवताप यांचा संबंध प्रथम कोठे सिद्ध झाला हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असेल. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीत हिवतापाचे जंतू दिसले. ज्या रुग्णाला डास चाववून घेतले त्याला ते दर डासामागे एक आणा देत. ते ठिकाण आपल्यापासून आगगाडीने काही तासांवर आहे. शिवाय १९५६ पर्यंत बिदर व गुलबर्गा हे जिल्हे त्याच हैदराबाद संस्थानाचे व पुढे त्याच नावाच्या राज्याचे भाग होते. सहलीसाठी मुले दरवर्षी नवे ठिकाण सुचवा म्हणतात, त्यांनी याचा विचार करावा.

काळ्या डब्यातील दुसरी पट्टी अद्याप कपाटात पाकिटात आहे. ती किती दिवस तग धरते यावर दहावीच्या मुलांची व विज्ञानाच्या सरांची पैज लागली आहे. जूनमध्ये शाळा उघडली की ती पाण्यात टाकावयाची असे ठरले आहे. पाकिटावर तारीख लिहून ठेवली आहे.